पिवळ्या पट्ट्या

वाल्मीकरावांचा पाय उंबऱ्याशी पुन्हा अडकला. मन केव्हाच फाटकाबाहेर पोचलेलं, पाऊल मात्र फरशीला चिकटल्यागत ढिम्म. पार्किन्सनचं हे असंच असतं मेलं.

"अहो, थांबा." मालनबाई भाकरीचं उलथनं टाकून आल्या. आपलं पाऊल त्यांनी नवऱ्याच्या पावलापुढे आडवं धरलं. ते ओलांडायला म्हणून वाल्मीकरावांचा पाय उचलला गेला. "मी नसते तर काय केलं असतंत?"

ते हसायला गेले. चेहरा हललाच नाही.

सगळा जन्म मनमाडला रुळांवर गेलेला. ट्रॅकमन माणूस, रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरून स्लीपरवर पाय टाकत मैलोन्‌मैल चालायचा. ड्युटी सुटली की कट्टा, घरी फक्त झोपायला. नाशिकरोडला आल्यावरही रेल्वेवाल्यांचा कट्टा त्यांनी शोधून काढलाच. आता कोपऱ्यावरून मित्रांचं हसणं ऐकू यायचं आणि हे खिडकीत कोंडलेले. एकदा, फक्त एकदा, कुणाचा हात न धरता तिथवर जायचं होतं.

"जन्मभर घरात पाय ठरला नाही," मालनबाई शेजारणींना सांगायच्या. "आता बघा, माझ्याशिवाय पान हलत नाही यांचं."

युक्ती लेकीनं काढली. रोहिणीनं उंबऱ्यापासून फाटकापर्यंत फरशीवर आडव्या पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. "अण्णा, स्लीपर समजा."

आणि काय सांगावं, पाय जुन्या सवयीनं आपसूक पडायला लागले. फाटकापर्यंत ते एकटे गेले. डोळे भरून आले त्यांचे. "उद्या कट्टा," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी एकही पट्टी जागेवर नव्हती.

"सविताला किती सांगायचं," मालनबाई कामवालीवर चिडल्या. "गरम पाण्यानं फरशी पुसते. निघणारच."

"मी नाय काढल्या," सविता म्हणत राहिली. वाल्मीकरावांना तिला चांगलं खडसवायचं होतं, पण आवाज ओठांतच विरला.

रोहिणीनं पुन्हा पट्ट्या लावल्या. पुन्हा गेल्या. मग तिनं चांगला दणकट डिंक आणून पट्ट्या पक्क्या बसवल्या. त्यात सविताही सुट्टी घेऊन सुरगाण्याला गावी गेली. आता कोण काढतंय, वाल्मीकराव मनात म्हणाले.

"उलथन्याची कड पार वाकली," मालनबाई जेवताना म्हणाल्या. "भाकरी उलटत नाही धड. नवं आणायला हवं."

वाल्मीकरावांचं लक्ष कुठलं असायला. संध्याकाळी कट्ट्यावर जायचं होतं.

दुपारी सकाळच्या गोळीचा जोर ओसरला. ते कॉटवर लाकडासारखे पडून राहिले. मान वळेना, हाक फुटेना. बाहेरून खर्र खर्र आवाज येत होता.

समोरच्या कपाटाच्या आरशात उंबरा दिसत होता. तिथे मालनबाई मांडी घालून बसल्या होत्या. एका हातानं डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्या हातातल्या वाकड्या उलथन्यानं शेवटची पट्टी खरवडत होत्या.