नायगाराच्या पलीकडे

अमेरिकेत कॅरी गावी मुलाकडे आल्यापासून शोभनाबाईंना समोरच्या दुकानातून दूध आणायचीही बंदी होती. "आई, इथे ट्रॅफिक उलटं असतं. रस्ता क्रॉस करताना माझा हात सोडायचा नाही," ईशानने बजावलं होतं.

बाईंनी बत्तीस वर्षं मिरजेत भूगोल शिकवला होता. सहाराच्या वाळूपर्यंत जाऊन वळणारी नायजर नदी फळ्यावर काढून काढून त्यांचा हात दुखला होता, पाहिली मात्र कधी नव्हती. "मला नायजरकाठच्या टिंबक्टूला जायचंय," त्या म्हणाल्या.

ईशान पोट धरून हसला. "त्यापेक्षा नायगारा दाखवतो ना!"

बाई गुणी आईसारख्या "बरं" म्हणाल्या आणि तीन आठवडे न्यूजर्सीला बहिणीकडे राहायला म्हणून गेल्या.

परत आल्यावर तिथल्या मराठी मंडळात सगळ्यांच्या सहलींचा स्लाइड शो होता; त्यात सातवा नायगारा संपला आणि बाईंचा नंबर लागला. पडद्यावर मातीची मशीद आली, नायजरमधली होडी आली आणि मग साडीवर स्पोर्ट्स शूज घालून उंटावर बसलेल्या दोघी बहिणी. हॉल टाळ्यांनी दणाणला.

ईशानच्या हातातला सामोसा हातातच राहिला. "आई, तू... आफ्रिकेत?"

"पुढच्या वर्षी तूही चल रे," बाई म्हणाल्या. "फक्त उंटावर चढताना माझा हात सोडायचा नाही."