आप्पासोंच्या नावावरच्या स्क्रीन

मोबाईल टिंग करून वाजला आणि आप्पासोंनी चष्मा लावला. मेसेजात सहा आकडी नंबर होता. म्हणजे तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजचं ऑफिस उघडलं, शिवतेज क्लार्कनं कॉम्प्युटर चालू केला आणि आता त्याचा फोन येणार.

आप्पासो तिथले जुने मॅनेजर. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण स्टोअरेजचं सॉफ्टवेअर अजून त्यांच्याच नावानं उघडायचं. एकेका कामाची एकेक स्क्रीन, त्या झाडून सगळ्या त्यांच्या नावाखाली, आणि त्या नावाला जोडलेला मोबाईल त्यांचा. ऑफिसातली सगळी माणसं त्याच एका नावानं आत शिरायची. बदलायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. चाललंय ना, मग चालू दे, ही आपल्याकडची रीतच. त्यामुळं रोज सकाळी शिवतेज फोन करून नंबर विचारायचा, आणि त्याआधी आप्पासो आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालून सोप्यातल्या खुर्चीत तयार असायचे. मुलगा फौजेत, सून आणि नातवंडं त्याच्याबरोबर लांब क्वार्टरमध्ये. घरात दुसरं माणूस नाही. दिवसात नेमानं येणारा फोन तेवढा एकच, आणि तो आला की आप्पासोंना आपण अजून कुणाचे तरी लागतो असं वाटायचं.

फोन आला.

"बोल रं शिवतेज. आवक काय म्हणतीया?"

"आवं आप्पा, जरा थांबा. सांगलीच्या सॉफ्टवेअर कंपनीतनं मॅडम आल्यात. त्यांच्याशी बोला."

"नमस्कार आप्पा, मी संयोगिता. तुमच्या नावाखाली स्क्रीनचं नुसतं रान माजलंय बघा. कुणी मागितली की एक वाढवायची, असं करत करत एवढ्या झाल्यात की हवी ती सापडत नाही. परवा घाईत भलतीच उघडली गेली आणि एका शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्या नावावर चढला. म्हणून आज सगळ्या वेगळ्या करतेय. गेटवरच्याला गेटच्या, काट्यावरच्याला वजनाच्या, मशीन बघणाऱ्याला खोल्यांच्या तापमानाच्या. ज्याचं त्याला नाव, ज्याच्या त्याला स्क्रीन."

"हे लय झ्याक करताय," आप्पासो म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "माल दुसऱ्याच्या नावावर चढतो म्हंजे काय! माणूस वरीसभर राबतंय त्येच्यासाठी."

"कागदावर सगळ्यांची वाटणी झालीय, आता एकच स्क्रीन उरलीय. 'सर्व एकत्र' म्हणून. गेट, वजन, खोल्या, हमाल, सगळं एकाच ठिकाणी दिसतं. इथं कुणीच वापरत नाही म्हणतात. कुणाची आहे ती?"

"माझी."

आप्पासोंनी ती हट्टानं करून घेतली होती. खुर्चीतून न उठता सगळा कारभार दिसला पाहिजे, असं म्हणून कंपनीच्या मागं लागले होते. कुणाचा टेम्पो खोळंबलाय, कुठल्या खोलीतला गारवा उतरलाय, जोतीराम हमाल आज आलाय का नाही, सगळं एका काचेत. जेवणाचा डबासुद्धा ते तिच्यासमोरच उघडायचे.

"मग ती काढून टाकू का?"

"काढा," आप्पासो म्हणाले. "एकट्यासाठी कशाला अडगळ?"

"आणि आप्पा, तुमचं नावही आज बंद होईल. रोज सकाळी उगाच तुम्हाला त्रास. आता मला एकदा शेवटचं आत जायचंय. तेवढा नंबर सांगा."

त्रास! गरज सरो आणि वैद्य मरो, असं आप्पासोंच्या अगदी ओठावर आलं. पण पोरगी भली होती, आवाजात मायाच होती, आणि करत होती ते काम चोख होतं. रागवायचं तरी कुणावर?

"माझ्या नावाला एखादी बारकी स्क्रीन ऱ्हाऊ दे की गं. मी कशाला हात लावणार न्हाई. नुसतं बघीन."

 संयोगिता हळूच म्हणाली, "रिटायर झालेल्या माणसाला आत कसं ठेवू, आप्पा? आणि ठेवायचं म्हटलं तरी तुम्हाला कोण म्हणून ठेवू?"

आप्पासोंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत लावला.

मागून शिवतेज ओरडला, "आप्पा, लवकर सांगा की! गेटवर टेम्पोची रांग लागलीया. उन्हात तापाय लागलाय माल."

रांग म्हटल्यावर आप्पासो ताठ झाले. आयुष्यात त्यांनी गेटवर रांग लागू दिली नव्हती. फोन कानावरून काढून त्यांनी डोळ्यांपुढं धरला, मेसेज उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"घ्या. चार. आठ. शून्य. दोन. नऊ."

शेवटचा आकडा सहा होता. चष्म्यातून स्वच्छ दिसत होता.

"सात," आप्पासो म्हणाले आणि त्यांनी फोन कट केला.

लगेच तो पुन्हा वाजायला लागला. आप्पासोंनी उचलला नाही. मांडीवर घेतला, वरून हात ठेवला, आणि सगळ्या घरभर त्याला वाजू दिला.