भस्माचे तीन पट्टे

सिद्धलिंगअप्पांची जुनी पेट्रोल जीप किल्ली फिरवली की सुरू व्हायची आणि किल्ली सोडली की लगेच मरायची. पालमच्या तीन मिस्त्र्यांनी हात टेकले होते. आज भंगारवाला ती ओढून न्यायला दोर घेऊन दारात आला, आणि अप्पांनी सकाळपासून घास घेतला नव्हता.

"अप्पा, हा ठोकळा कुणीच तपासला न्हाई की ओ," बॉनेटमध्ये डोकं घातलेली त्यांची सून महेश्वरी म्हणाली. कॉइलशेजारचा तो पांढरा, चिनीमातीचा रेझिस्टर. अप्पा दर दसऱ्याला त्यावर भस्माचे तीन पट्टे ओढायचे, म्हणून मिस्त्री त्याला नमस्कार करून पुढे सरकायचे.

"अगं, देवाला पाना लावायलीस?"

"देव जाग्यावर हाय, अप्पा. किल्ली सोडली की करंट ह्याच्यातनंच जातो, अन् ह्याची आतली तार जळालीय."

तिनं रेझिस्टर वगळून सरळ वायर जोडली, किल्ली फिरवली आणि सोडली. जीप धडधडतच राहिली. भंगारवाल्यानं दोर गुंडाळला.

संध्याकाळी परभणीहून आणलेला नवा रेझिस्टर बसला. अप्पा भस्माची डबी घेऊन बॉनेटपाशी आले, क्षणभर थबकले आणि तीन पट्टे सुनेच्या कपाळावर ओढले.