गावाचं तळं

उपेंद्र वकिलांनी उचगावजवळच्या ओढ्यावर नौकाविहाराच्या हौसेपायी मातीचा बांध घातला होता. आज त्यांनी बांधासकट ते तळं गावाला बक्षीस दिलं. लोकांनी हार घातले. वकीलसाहेब लगेच टांग्यात बसून बेळगावला निघाले.

राखणदार तम्मण्णा तेवढा बांधाच्या पायथ्याशी उभा होता. तिथं एरवी नितळ पाणी झिरपायचं. आता मनगटाएवढी गढूळ धार लागली होती.

बांधाखालीच त्याच्या बहिणीचं घर होतं. तो धावत तिच्याकडं गेला.

"आक्का, बांध आतनं पोखरलाय. पोरास्नी घेऊन माळावर जा."

"आधी वकीलसायबास्नी सांग की रं!"

"सोमवारीच सांगितलं, आक्का. मंगळवारी त्यांनी बक्षीसपत्र लिवायला घेतलं."