सहा ठिपके

व्हर्नाने गोधडी ओढून काढली आणि लोखंडी घोडीवर चढवलेलं इंजिन उघडं पडलं. जुनी इंजिनं विकत घ्यायला आलेल्या हार्लनने टोपी मागे सरकवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे जुनी इंजिनं विकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ही बाई मात्र गिऱ्हाईक दारात उभं राहताच मूठ उघडून मोकळी झाली होती.

"किंमत मागाहून सांगा," ती म्हणाली. "आधी मला सांगा, रसेलने काम कुठवर आणलं होतं ते. अकरा वर्षं, रात्रीचं जेवण झालं की कामाची डांगरी चढवून इथे यायचा. विचारलं की म्हणायचा, होत आलंय."

रसेल तिचा नवरा. एप्रिलमध्ये गेला. इंजिन त्यांच्या मुलाच्या गाडीचं, एकोणसत्तर सालच्या पॉन्टिअ‍ॅकचं. डीन लढाईवर निघाला तेव्हा, तू परत येईस्तोवर हे तयार ठेवतो, असं बापाने त्याला कबूल केलं होतं. डीन परत आला नाही. हे सगळं तिने फोनवरच सांगून टाकलं होतं, हवापाण्याचं सांगावं तसं.

गॅरेजमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. हार्लनने लांब दांड्याचा पाना पुढच्या मोठ्या बोल्टला लावला आणि अंग टाकून जोर दिला. धड इंजिन हाताने सावकाश फिरतं, थोडं कुरकुरतं. हे ढिम्म हललं नाही. स्पार्क प्लगच्या भोकातून त्याने बॅटरी मारली. आत नुसता गंज होता. वरच्या खोबणीत उंदरांनी चिंध्यांचं घर केलं होतं. त्याने बोट फिरवून पाहिलं, तर ते कोरडंच बाहेर आलं.

"बाई, यात तेल कधी भरलं होतं का?"

"मला काय ठाऊक! मी इथे पाऊल टाकत नसे. ही त्याची जागा."

तो इंजिनावर वाकला. दोन्ही बाजूंना दहा-दहा बोल्ट. ते ठरल्या क्रमाने, ठरल्या जोराने आवळायचे असतात, आणि एकेक आवळून झाला की त्याच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्यायचा. घराला आग लागली तरी दहा पुरे केल्याशिवाय मेकॅनिक पाना खाली ठेवत नाही. डावीकडे दहा पिवळे ठिपके होते. उजवीकडे सहा.

हार्लनने पुन्हा मोजले. सहाच. सातवा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरला.

चाळीस वर्षं हेच काम केल्यावर इंजिन माणसाला बरंच काही सांगतं, नको असलं तरी. या इंजिनाला अकरा वर्षांत कुणी हात लावला नव्हता. सहाव्या बोल्टनंतर कुणीतरी गोधडी टाकली आणि संपलं.

मग त्याला खुर्ची दिसली. ती इंजिनासमोर नव्हती, खिडकीशी होती, आणि तिच्या पायांनी फरशीवर खोल चरे पाडले होते. खिडकीतून घराकडे येणारा रस्ता दिसत होता, दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं. खुर्चीजवळ काळ्या, वापरलेल्या तेलाचा एक डबा होता आणि त्याच्या काठावर चिंधी. असेल गवत कापायच्या यंत्राचं, असं मनाशी म्हणून त्याने नजर वळवली.

व्हर्ना दाराला टेकून उभी होती. स्वेटरच्या बाह्या तिने मुठीत ओढून घेतल्या होत्या.

इंजिनाबद्दल हार्लन कधी खोटं बोलला नव्हता. घेणाऱ्याशी नाही आणि विकणाऱ्याशीही नाही. पण आज त्याला त्या बाईची फार दया आली.

"होतच आलं होतं, बाई," तो म्हणाला. "चारच बोल्ट राहिलेत."

"कुठले?"

तिला एवढं विचारायचं सुचेल असं त्याला वाटलं नव्हतं. ती जवळ आली. त्याने दाखवले. तिने सहाव्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"डीनची बातमी घेऊन त्या संध्याकाळी लष्करी गणवेशातले दोघं दारात आले," ती म्हणाली. "मीच इथे येऊन हाक मारली त्याला. पाना हातात घेऊनच आला. त्यांच्यासमोर उभा राहिला तरी पाना हातातच."

हार्लनने घसा साफ केला. "नंतरही हात लावत असणार की. इतका कामसू माणूस. असलं काम सुटत नाही कुणाला."

"नका हो." ती रागावली नव्हती. "तुम्ही भले आहात, पण नका. एखादा तरी बोल्ट त्याने नंतर आवळला असेल, अशी आशा होती, म्हणून तर विचारलं."

तिची नजर खुर्चीजवळच्या डब्यावर गेली. ती खाली वाकली, काठावरची चिंधी उचलली, तिची नीट चौकोनी घडी घातली आणि होती तिथेच ठेवली.

"त्याची डांगरी मी दर शनिवारी धुवायचे," ती म्हणाली. "तेलाचा डाग असायचाच. दर वेळी एकाच जागी, उजव्या गुडघ्यावर. मी घासून काढायचे आणि तो पुन्हा लावायचा."