ओळखू आला पाहिजे

"पागोटं डाव्या कानावर घ्या," रुख्मिणी म्हणाली. "अजून थोडं."

खुर्चीवरच्या पुंजारामनं मुकाट्यानं पागोटं सरकवलं.

वामनरावांना अमरावतीत फोटो काढायला लागून वीस वर्षं झाली होती, पण कमिशनर साहेबाच्या मडमेनंही त्यांना इतका ताप दिला नव्हता. वलगावहून गाडीबैलानं आलेलं जोडपं. नवरा तोंडात गुळणी धरून बसलेला आणि बायको पदर भुवयांपर्यंत ओढून भिंतीशी उभी, तिथूनच हुकूम सोडतेय.

"जवळ येऊन हातानंच नीट करा की," वामनराव म्हणाले. ती जागची हलली नाही. लाजत असेल बापडी.

"मिशा खाली पाडा," ती तिथूनच म्हणाली.

"अहो बाई, फोटोत सगळ्यात महत्त्वाचं काय? हलायचं नाही. मिशांचं मी बघतो."

"ओळखू आला पाहिजे. पोरगं सा महिन्याचं हाय. उद्या इचारन, बाप कसा दिसे. घरात दुसरा फोटू नाही."

"फोटो कशाला? बापच दाखवा, हाडामासाचा!"

वामनरावांना स्वतःच्याच विनोदाचं हसू आलं. त्या दोघांना आलं नाही. खेड्यातली माणसं कॅमेऱ्यापुढे बुजतातच, म्हणत त्यांनी काळ्या कापडात डोकं खुपसलं.

"थांबा. हासाले पाहिजे."

"फोटोत कोणी हसतं का? ओठ हलला की फोटोची काच वाया."

"हासल्याबिगर पटनारच नाही." तिचा आवाज पहिल्यांदाच कातरला. "वखर सोडून घरी आल्यावरचं हासू. थे पाहिजे मले."

पुंजारामला काही केल्या हसता येईना. दोनदा त्यानं डोळे पुसले. वामनरावांना आता कीव आली. एवढा जीव लावणाऱ्या बाईला नाही तरी कसं म्हणायचं? तिसऱ्या खेपेला त्यानं ओठ मिटून हलकं हसू आणलं आणि तसंच धरून ठेवलं. वामनरावांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं, पाचपर्यंत मोजलं, परत लावलं.

"असंच," रुख्मिणी पुटपुटली.

फोटोखाली सुबक अक्षरात नाव लिहून द्यायची वामनरावांची रीत होती. बाईमाणसाला नवऱ्याचं नाव विचारू नये, एवढं त्यांना कळत होतं. ते खुर्चीकडे वळले. आल्या आल्या त्यानं स्वतःचं नाव नुसतं पुंजाराम एवढंच सांगितलं होतं.

"नुसतं पुंजाराम लिहू, की वडिलांचंही नाव जोडू?"

पुंजारामनं एकदा रुख्मिणीकडे पाहिलं.

"माहं नका लिहू," तो म्हणाला. "कैलासवासी शेषराव नत्थुजी लिहा. माह्या मोठ्या भावाचं."