दुसरी गाडी
अमेरिकेतल्या डुलुथ शहरात, गाड्यांच्या शोरूमबाहेर सेल्समनने छोट्या क्रॉसओव्हर गाडीचं मागचं दार अदबीने उघडलं, पण माझ्या सासूबाई बसेनात. कंबरेच्या ऑपरेशननंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. माझ्या नवऱ्याच्या, डेलच्या उंच पिकअप ट्रकमध्ये त्यांना चढता येईना, म्हणून आम्ही दोघांनी ही दुसरी गाडी निवडली होती. "आई, बघ, सीट कशी बेताच्या उंचीची आहे," डेल म्हणाला. "दवाखाना असो, चर्च असो, तू नुसतं मागे बसायचंस." "आणि माझी गाडी?" सासूबाईंनी विचारलं. डेल खालच्या बर्फाकडे बघू लागला. "सकाळीच रॉजरला देऊन टाकली. तू आता कुठे चालवणार?" हे मलाही ठाऊक नव्हतं. "मला न विचारता? मी मेले होते का रे?" सासूबाईंनी सेल्समनपुढे आपलं लायसन्स धरलं, "चालवून बघायचीय" म्हणाल्या, आणि किल्ली घेऊन स्टिअरिंगमागे बसल्या. "आई, उतर!" "तू बस मागे. पट्टा लाव." डेल मागे बसला, मी त्यांच्या शेजारी. थेट पुतण्याच्या, रॉजरच्या दारात थांबून त्यांनी त्याच्यापुढे हात केला. त्यांचा चेहरा बघून त्याने त्यांच्या गाडीची किल्ली काढून दिली. त्या आपल्या जुन्या गाडीतून निघून गेल्या. "मग ही घ्यायची की नाही?" डेलने हळूच विचारलं. "घ्यायची," मी म्हणाले, "पण माझ्या नावावर. उद्या मलाही विचारायचं राहून जाईल तुझ्याकडून."